स्तुतीला ठरलेली वेळ हवी

मुरबाड-शहापूरच्या गावांत काय किंवा महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याही वारकरी गावात काय, संध्याकाळी हरिपाठाला बसणारा माणूस आज आपले मन लागेल का, हे आधी तपासत नाही. वेळ झाली की टाळ हाती घ्यायचे, मन मागून येते. ख्रिस्ती माणसाच्या देवस्तुतीलाही हाच नियम लागू पडतो. स्तुती मनाच्या उमाळ्यावर सोपवली तर ती रविवारच्या उपासनेपुरती किंवा नाताळ-ईस्टरपुरती उरते. ती रोजची व्हायची असेल तर तिला ठरलेली वेळ लागते, आणि आपल्या घरात बोलली जाणारी भाषा लागते. मराठी ख्रिस्ती परंपरेचा चारशे वर्षांचा इतिहास याची साक्ष देतो.

१५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेज्वीट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ लिहिले आणि ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याच्या जन्माची हकीकत त्या ग्रंथातच आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी वाचायला-ऐकायला काही उरले नव्हते. ही उणीव त्यांनीच बोलून दाखवली. स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्या रचून ती भरून काढली. नवा धर्म स्वीकारल्यावरही कानाला आणि जिभेला सवयीचा छंद हवा असतो, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवर बंदी आणली. तरीही हे पुराण हस्तलिखितांतून टिकले. लोकांच्या तोंडी बसलेली स्तुती नुसत्या हुकुमाने पुसली जात नाही.

हेच काम तीनशे वर्षांनी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी केले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे मानले. परभाषेतून आलेल्या गीतांच्या जोडीला त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन आणले. त्यांच्याआधी अहमदनगरकडे कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होतीच. टिळकांची कितीतरी पदे ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून मराठी मंडळ्यांत आजही गायली जातात. अभंगाला ऑर्गन लागत नाही की प्रशिक्षित गायकवृंद लागत नाही. तो चुलीपाशी, शेतात, प्रवासात म्हणता येतो, आणि म्हणूनच तो रोजचा होऊ शकतो. वसईच्या कॅथलिक घरांत संध्याकाळच्या रोझरीने हेच साधले. घरातली सगळी माणसे एकत्र आली की प्रार्थना, हा परिपाठच तिथे शिक्षकाचे काम करतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: रोज तेच म्हटले की ते पोपटपंची होते. धोका खरा आहे. मात्र रोजची गोष्ट सोडून दिल्याने मन अधिक जागे होते, असा अनुभव कुणाचा नाही. उलट पाठ झालेले शब्दच माणसाला अडचणीच्या वेळी हाताशी सापडतात. दुसरा आक्षेप असा की देवाला आपल्या कौतुकाची गरज काय? बायबलचे उत्तर सरळ आहे: गरज नाही. पन्नासाव्या स्तोत्रात देव सांगतो की सारे जग त्याचेच आहे, त्याला भूक लागली तरी तो माणसाला सांगणार नाही. गरज आपली आहे. दिवसभर मागण्या आणि तक्रारी यांतच गुंतलेले मन स्तुतीच्या वेळी स्वतःपलीकडे पाहायला शिकते.

सर्वांत जड आक्षेप दुःखाचा आहे. घरात आजारपण आहे, पीक गेले आहे, समाजात अन्याय आहे, अशा वेळी स्तुती करणे ढोंग नाही का? दुःख लपवून केली तर ते ढोंगच आहे. पण स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांत विलापाचा वाटा फार मोठा आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. बहुतेक विलाप मात्र रडता रडताच स्तुतीकडे वळतात. फिलिप्पैच्या तुरुंगात फटके खाल्लेले पौल आणि सीला मध्यरात्री देवाची गीते गात होते. हिटलरच्या कैदेत असलेले जर्मन धर्मपंडित डीट्रिख बोनहॉफर रोज स्तोत्रे वाचत होते. या माणसांना आपल्या परिस्थितीचे पुरते भान होते, आणि तिचा शब्द शेवटचा नाही, हा त्यांचा विश्वास होता. अन्यायाबद्दल आमोस संदेष्ट्याने बजावून ठेवले आहे की न्याय वाहत नसेल तर देवाला तुमच्या गाण्यांचा गोंगाटही नको. म्हणजे खरी स्तुती माणसाला जबाबदारीतून मोकळे करत नाही, ती त्याला अधिक बांधून घेते.

सुरुवात लहान असावी. रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचले तर पाच महिन्यांत संपूर्ण स्तोत्रसंहिता होते. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाने तीच सकाळ-संध्याकाळ अशी वाटून तीस दिवसांत बसवली आहे. स्तोत्रानंतर त्या दिवसाबद्दल आभाराची एखादी नेमकी गोष्ट बोलावी, आणि घरच्यांबरोबर एक पद म्हणावे. हे सारे दहा मिनिटांत होते. वेळ मात्र ठरलेली असावी आणि चुकली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. भक्ती उतू आली की स्तुती करू, असे म्हणणारा बहुधा वाटच पाहत राहतो. रोज स्तुतीला बसणाऱ्याच्या मनात भक्तीला मुरायला वेळ मिळतो.