रुळांचें छायाचित्र सुलटें कसें करावें?

समांतर रेषा कितीही वाढविल्या तरी परस्परांस मिळत नाहींत, हें भूमितीचें वाक्य आपण सर्वांनीं शाळेंत पाठ केलें आहे. पण आगगाडीच्या सरळ मार्गाचें कोणतेंही छायाचित्र पाहा. दोन्ही रूळ दूर जाऊन एका बिंदूंत मिळालेले दिसतात. आमच्या कबनूरला रेल्वेस्थानक नाहीं. गाडी गांठावयाची तर मिरज-कोल्हापूर मार्गावरील हातकणंगल्यास जावें लागतें. कोल्हापूर संस्थानानें बांधविलेला हा मार्ग १८९१ सालीं सुरू झाला. तेव्हां दोन रुळांमधील अंतर एक मीटर होतें. १९७१ सालीं रुंद मार्ग झाला व तें १६७६ मिलिमीटर झालें. प्रत्यक्षांत रूळ कोठेंही परस्परांजवळ येत नाहींत. छायाचित्रांत मात्र येतात. तेव्हां असें चित्र सुलटें करतांना रुळांची साक्ष किती मानावी, हा आजचा प्रश्न आहे.

चित्राच्या स्थितींत तीन प्रकारचे दोष संभवतात. पहिला दोष, चित्र आडवें पडणें. मोबाईलच्या पोटांत गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारें एक सूक्ष्म यंत्र असतें. चित्र टिपतांना वरची बाजू कोणती, याची नोंद तें चित्रासोबत ठेवतें. पण रुळांमधील खडी व स्लीपर टिपण्यासाठीं आपण मोबाईल जमिनीकडे तोंड करून धरतों, तेव्हां गुरुत्वाकर्षण त्याच्या कोणत्याच कडेकडे ओढीत नाहीं. यंत्राचा तर्क चुकतो व चित्र कुशीवर पडतें. येथें रूळच साह्य करतात: जिकडे ते परस्परांजवळ येत जातात, ती बहुधा दूरची, म्हणजे वरची बाजू. त्याप्रमाणें चित्र पाव फेरा फिरविलें कीं काम झालें.

दुसरा दोष, चित्र किंचित् कलणें. येथें मात्र रुळांवर विसंबूं नये. वळणावर बाहेरचा रूळ मुद्दाम उंच बसविलेला असतो. वेगानें जाणारी गाडी वळणाच्या बाहेर झुकूं पाहते. तिला आंतल्या बाजूस कलतें करून तोल सांभाळावा, हा त्यांतील हेतु. अशा ठिकाणीं दोन्ही रूळ एका पातळींत आणण्याचा हट्ट धरला, तर रूळ सपाट होतात आणि भोंवतालचीं झाडें, इमारती तिरप्या होतात. म्हणून ओळंबा धरावा तो सिग्नलच्या अथवा विजेच्या खांबाचा. तोही चित्राच्या मध्याजवळचा. यंत्र वर वा खालीं रोखलेलें असेल, तर कडेचे खांब सरळ उभे असूनही झुकलेले दिसतात. चित्र थोडें फिरवितांना कोपरे कापावे लागतात. यास्तव टिपतांनाच चहूं बाजूंनीं जागा मोकळी सोडावी.

तिसरा दोष सर्वांत फसवा. जुन्या काळीं छायाचित्रें कांचेवर घेत. छापतांना कांच पालथी ठेवली गेली, कीं उजवें तें डावें होई. हा दोष चित्र कितीही फिरविलें तरी जात नाहीं. पातळ कागदावर 'क' काढून तो मागच्या बाजूनें उजेडांत पाहा आणि वाटेल तसा फिरवा. 'क' सुलटा होणार नाहीं, कागदच पालटावा लागेल. फिरविणें व पालटणें या दोन भिन्न क्रिया आहेत.

चित्रांत स्थानकाची पाटी असेल तर अक्षरें चटकन् चुगली करतात. पाटी नसेल तर जुना हाताचा सिग्नल पाहावा. आपल्याकडे गाडी हांकणाऱ्यास सिग्नलचा हात खांबाच्या डावीकडे दिसेल, अशी रीत होती. त्या हाताची दर्शनी बाजू तांबडी व तीवर पांढरा पट्टा; मागची बाजू पांढरी व तीवर काळा पट्टा. काळ्यापांढऱ्या चित्रांत गडद हातावर फिका पट्टा दिसत असून तो हात खांबाच्या उजवीकडे असेल, तर चित्र उलटें छापलें आहे असें समजावें.

हा सारा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. मीटर मार्गाचे ते रूळ आतां उरले नाहींत. त्यांची साक्ष छायाचित्रांतच सांपडावयाची. चित्र उलटें छापलें गेलें, तर मालधक्का मार्गाच्या भलत्याच बाजूस जातो, उजवें वळण डावें होतें. आणि ज्यांनीं तें स्थळ पाहिलें होतें ते वडीलधारे गेल्यावर ती चूक दाखविणारा कोणी राहात नाहीं. पुढची पिढी तीच चूक इतिहास म्हणून वाचील.

म्हणून आपल्या संग्रहांतील चित्रें एकदां तपासून घ्यावीं. मूळ चित्र जसेंच्या तसें जपावें आणि दुरुस्ती प्रतीवर करावी. प्रत्येक चित्रामागें तारीख, स्थळ आणि टिपणाऱ्याचें तोंड मिरजेकडे होतें कीं कोल्हापुराकडे, एवढें लिहावें. या एका ओळीनें पुढचे सर्व वाद मिटतात. आणि नवें चित्र घ्यावयाचें तर तें फलाटावर सुरक्षित अंतरावर उभें राहून घ्यावें. परवानगीवांचून रुळांवर जाणें हा कायद्यानें गुन्हा आहे. शिवाय यंत्रांत डोळा घातलेल्या माणसास मागून येणारी गाडी दिसत नाहीं, आणि वेगांत असलेली गाडी ऐन वेळीं थांबवितां येत नाहीं.