नावात महाराष्ट्र, मालकी कोणाची? महाबँकेविषयीचे काही गैरसमज

बँक ऑफ महाराष्ट्रची, म्हणजे महाबँकेची, नोंदणी पुण्यात १६ सप्टेंबर १९३५ रोजी झाली आणि ८ फेब्रुवारी १९३६ पासून तिचं कामकाज सुरू झालं. महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आलं १ मे १९६० रोजी. म्हणजे राज्याच्या जन्माआधी जवळजवळ पंचवीस वर्षं ही बँक 'महाराष्ट्र' हे नाव पाटीवर मिरवत होती. तरीही 'महाबँक म्हणजे आपल्या राज्य सरकारची बँक' हे वाक्य मी चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे, की एकदा सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं. आपला पैसा कोणत्या दाराआड ठेवला आहे हे ठेवीदाराला नीट ठाऊक नसेल, तर अफवा उठली की तो भलत्याच दारात रांग लावतो, आणि खरा धोका असतो तिथे निर्धास्त राहतो.

'ही राज्य सरकारची बँक आहे'

नाही. ही राष्ट्रीयीकृत बँक आहे आणि तिचं बहुतांश भागभांडवल केंद्र सरकारकडे आहे. तिच्या व्यवस्थापकीय संचालकांची नेमणूक दिल्लीहून होते, मंत्रालयातून नव्हे. २००४ साली तिने पहिल्यांदा जनतेला शेअर विकले. तेव्हापासून ते शेअर बाजारात खरेदी-विक्रीला आहेत, त्यामुळे उरलेल्या हिश्शात तुमच्या-माझ्यासारखे भागधारकही आहेत. मात्र कायद्याने केंद्राचा हिस्सा ५१ टक्क्यांच्या खाली जाऊ शकत नाही.

गैरसमज का होतो, तेही समजण्यासारखं आहे. महाराष्ट्रातल्या सगळ्या बँका आणि राज्य सरकार यांना एका टेबलाशी आणणारी राज्यस्तरीय बँकर्स समिती आहे, आणि तिचं निमंत्रकपद महाबँकेकडे आहे. राज्याचा वार्षिक पतपुरवठा आराखडा, पीककर्जाचं उद्दिष्ट यांच्या बातम्यांत म्हणूनच मुख्यमंत्र्यांशेजारी महाबँकेचे अधिकारी दिसतात. पुणे, सातारा, नाशिक अशा जिल्ह्यांत ती 'अग्रणी बँक' आहे. हे अग्रणी बँकेचं सूत्रही मुळात एका पुणेकर अर्थतज्ज्ञाशी जोडलेलं आहे. १९६९ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने जिल्हा हा घटक धरून बँकांनी काम करावं असं सुचवलं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने ही योजना लागू केली. अग्रणी बँक जिल्ह्यातल्या बँकांचा मेळ घालते. त्यामुळे ती जिल्हा प्रशासनाची बँक होत नाही.

'बुडायला आली म्हणून सरकारने घेतली'

याच्या अगदी उलट घडलं, आणि इथे मला थोडं मागे जायचं आहे.

१९३५ साल. रिझर्व्ह बँकच मुळी त्या वर्षीच्या १ एप्रिलला सुरू झालेली. बँकांचं नियमन करणारा कायदा यायला अजून चौदा वर्षं होती आणि ठेवींचा विमा यायला सत्तावीस. अशा काळात नव्या बँकेत पैसे ठेवायचे ते फक्त माणसांकडे पाहून. पुण्यात ती माणसं होती फर्ग्युसन महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणारे प्रा. वामन गोविंद काळे आणि धोंडूमामा साठे. अधिकृत भांडवल दहा लाख रुपये. मोठ्या व्यापारी घराण्याची थैली पाठीशी नव्हती. मराठी मध्यमवर्गाची बचत गोळा करावी आणि ती लहान उद्योग-व्यवसायांच्या हाती द्यावी, हा बेत होता.

वाढ सावकाश झाली. १९३८ मध्ये मुंबईत फोर्टला दुसरी शाखा, १९४० मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याला तिसरी. १९४४ मध्ये बँक रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचित बँकांच्या यादीत आली. १९४६ मध्ये ठेवींनी एक कोटीचा टप्पा ओलांडला, म्हणजे पहिल्या कोटीला दहा वर्षं लागली. त्याच वर्षी हुबळीला शाखा निघाली. 'महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा' असा तिचा उल्लेख होतो, पण हुबळी तेव्हा धारवाड जिल्ह्यात, म्हणजे पुण्यासारखीच मुंबई प्रांतात होती. १९४९ मध्ये हैदराबाद, १९६३ मध्ये पणजी. आज देशभर शाखा असलेल्या या बँकेला 'फक्त महाराष्ट्रापुरती' म्हणणं १९४९ सालीही चूक ठरलं असतं.

१९ जुलै १९६९ रोजी केंद्र सरकारने चौदा खासगी बँका ताब्यात घेतल्या. निवडीची कसोटी आकाराची होती : ज्यांच्या ठेवी ५० कोटी रुपयांपेक्षा कमी नाहीत अशा बँका. महाबँक त्या यादीत आली ती मोठी झाली होती म्हणून. काळे-साठ्यांच्या पिढीने उभं केलेलं काम पुढच्या तीन दशकांत राष्ट्रीय पातळीवरच्या चौदांत बसलं, ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने फारशी सांगितली जात नाही. ती सांगितली जायला हवी. फेब्रुवारी १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्द ठरवला, तेव्हा चार दिवसांत नवा वटहुकूम निघाला. १९७० च्या त्या नव्या कायद्यावरच आजची बँक उभी आहे.

त्या चौदांपैकी देना, सिंडिकेट, अलाहाबाद आणि युनायटेड या बँका २०१९ आणि २०२० मध्ये दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या. महाबँक झाली नाही. विलीनीकरणाची चर्चा दरवर्षी उठते म्हणून ते झालंच आहे असं धरून चालू नये.

'महाराष्ट्र नाव असलेल्या सगळ्या बँका एकच'

या गोंधळाची किंमत माणसं मनस्तापाने मोजतात. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. त्या दिवसांत मला दोघा-तिघांनी घाबऱ्या आवाजात फोन करून विचारलं होतं, "आमचं महाबँकेतलं पेन्शन अडकलं का हो?" निर्बंध आलेली ती नागरी सहकारी बँक होती. महाबँकेशी तिचा संबंध नावातल्या एका शब्दापुरता.

महाराष्ट्र राज्य सहकारी बँक, जिला आपण शिखर बँक म्हणतो, तीही वेगळी. तिची मुळं १९११ सालातली आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांच्या वर तिचं स्थान. सहकारी बँकेत मालक असतात सभासद, आणि शेअर कितीही असले तरी सभासदाला मत एकच. महाराष्ट्र ग्रामीण बँक आणखी निराळी : तिथे निम्मी मालकी केंद्राची, १५ टक्के राज्य सरकारची आणि ३५ टक्के प्रायोजक बँकेची. ती प्रायोजक बँक म्हणजे महाबँक. राज्य सरकारची थेट मालकी कुठे असेलच, तर ती इथे आहे.

आपलं खातं नेमकं कुठे आहे याची खात्री करायची असेल तर पासबुकावरचा आयएफएससी पाहा. त्याची पहिली चार अक्षरं बँकेची ओळख सांगतात. महाबँकेची अक्षरं 'एमएएचबी' अशी आहेत.

'रिझर्व्ह बँकेने कारवाई केली, म्हणजे बँक बंद होणार'

जून २०१७ मध्ये महाबँक रिझर्व्ह बँकेच्या 'पीसीए' चौकटीत, म्हणजे त्वरित सुधारात्मक कारवाईखाली आली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'पैसे काढून घ्या'चे निरोप फिरू लागले. पीसीए म्हणजे बँकेचं पथ्यपाणी. भांडवल कमी पडलं, थकीत कर्जं वाढली, सतत तोटा होऊ लागला की बँकेच्या लाभांशावर, नव्या शाखांवर, जोखमीच्या कर्जांवर बंधनं येतात. खातेदाराच्या पैसे काढण्यावर येत नाहीत. अफवा इतक्या वाढल्या, की डिसेंबर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेला हे जाहीरपणे स्पष्ट करावं लागलं.

आजार मात्र खरा होता. मार्च २०१८ अखेर ढोबळ थकीत कर्जांचं प्रमाण १९.४८ टक्के होतं; दिलेल्या दर शंभर रुपयांतले साडेएकोणीस अडकलेले. ३१ जानेवारी २०१९ रोजी बँक त्या चौकटीतून बाहेर पडली. मार्च २०२५ अखेर हेच प्रमाण १.७४ टक्क्यांवर होतं आणि त्या वर्षीचा निव्वळ नफा साडेपाच हजार कोटींच्या आसपास. एवढ्या खोलातून वर येणं सोपं नव्हतं. पण हे प्रमाण फक्त वसुलीने उतरतं असं नाही. एकूण कर्जं वाढली की ते खाली येतं आणि निर्लेखनाने, म्हणजे राइट-ऑफनेही येतं.

'राइट-ऑफ केलं, म्हणजे कर्ज माफ केलं'

हप्ता किंवा व्याज नव्वद दिवसांहून अधिक थकलं की कर्ज 'एनपीए' होतं. मग नफ्यातून त्याच्यापोटी तरतूद करावी लागते. तरतूद पूर्ण झाली की बँक ते कर्ज ताळेबंदातून काढते, हे निर्लेखन. कर्जदाराच्या डोक्यावरचं देणं तसंच राहतं, तारण तसंच राहतं, कोर्टातला दावा चालू राहतो. पुढे जे वसूल होईल ते नफ्यात जमा होतं. शेतकऱ्यांची कर्जमाफी वेगळी. ती सरकार जाहीर करतं आणि बँकेला ते पैसे सरकारी तिजोरीतून मिळतात. मोठ्यांची माफी आणि छोट्यांची वसुली असा राग लोकांच्या मनात आहे, आणि निर्लेखनानंतरची वसुली बहुधा तोकडी पडते म्हणून तो अस्थानी नाही. पण मग जाब वसुलीचा विचारायला हवा. 'माफी' म्हटलं की वसुलीचा प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

'पाच लाखांचा विमा दर खात्याला, दर शाखेला'

१९६० मध्ये केरळातली पालाई सेंट्रल बँक बुडाली, त्याच सुमारास लक्ष्मी बँकही. ठेवीदारांचे हाल पाहून १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा आला. तेव्हा त्याची मर्यादा होती १५०० रुपये. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख आहे. ही मर्यादा एका बँकेतल्या एका ठेवीदारामागे आहे. महाबँकेच्या तीन शाखांत मिळून तुमच्या एकट्याच्या नावावर नऊ लाख असतील, तर विमा पाचच लाखांचा, आणि तोही मुद्दल व व्याज धरून. हप्ता बँक भरते. वेगळा अर्ज लागत नाही. हा विमा सरकारी, खासगी, ग्रामीण आणि सहकारी बँकांना सारखाच आहे.

पतसंस्थांना मात्र तो नाही. गावोगावी, पेठापेठांत चकचकीत कार्यालय, जास्त व्याज आणि ओळखीचा संचालक पाहून माणसं निवृत्तीची रक्कम पतसंस्थेत ठेवतात आणि तिला बँकच म्हणतात. पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नाही आणि तिथल्या ठेवीला डीआयसीजीसीचं, म्हणजे हा ठेव विमा देणाऱ्या महामंडळाचं, एक रुपयाचंही संरक्षण नाही. अनेक पतसंस्था प्रामाणिकपणे चालतात, हेही खरं. तरी घरातल्या ज्येष्ठांची सगळी पुंजी अशा एकाच ठिकाणी असेल, तर ती जोखीम आहे हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

तेव्हा आजच घरातली पासबुकं आणि ठेवपावत्या एकदा बाहेर काढा. प्रत्येकीवरचं पूर्ण नाव वाचा, आयएफएससी पाहा, आणि जिथे शंका वाटेल तिथे काउंटरवर जाऊन विचारा : इथल्या ठेवीला डीआयसीजीसीचा विमा आहे का? उत्तर लेखी मागा.