मोबाईलवरचा रिश्ता : ढिगाच्या आत हात घालून बघा

नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी हा धानाचा पट्टा. इथला व्यापारी ढिगाचा वरचा थर बघून भाव ठरवत नाही, आत हात घालून ओल तपासतो. पैगंबर मुहम्मद (स.) यांनीही एकदा एका विक्रेत्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजलं, असं तो म्हणाला. मग ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असं विचारून त्यांनी फसवणुकीबद्दल सक्त ताकीद दिली. ‘सहीह मुस्लिम’मधली ही हदीस आज डेटिंग आणि मॅट्रिमोनियल ॲपला तंतोतंत लागू पडते.

पूर्वी वडसा, उमरेड किंवा चंद्रपूरहून रिश्ता आला की मोहल्ल्यात, मशिदीत चौकशी व्हायची. ॲपवर मुलगा स्वतःच स्वतःची माहिती भरतो. तरीही ॲप सरसकट वाईट नाही. तलाकशुदा आणि विधवा बहिणींसाठी घरबसल्या रिश्ते येत नाहीत, तिथे ॲपने दार उघडलं. पण ठगांची नजरही नेमकी त्यांच्यावरच असते.

नालासोपाऱ्याचं प्रकरण

जुलै २०२४ मध्ये पोलिसांनी कल्याणमधून ४३ वर्षांच्या एका माणसाला अटक केली. मॅट्रिमोनियल साइटवरून ओळख वाढवून लग्न करायचं आणि पैसे, वस्तू घेऊन पसार व्हायचं, असा त्याच्यावर आरोप आहे. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्याने २० हून जास्त महिलांना फसवलं, त्यात तलाकशुदा आणि विधवा जास्त. हे उघड झालं ते नालासोपाऱ्याच्या एका महिलेने तक्रार दिली म्हणून.

खोटेपणा कसा चालतो?

फोटो दुसऱ्याचा, वय कमी, पहिलं लग्न लपवलेलं, नोकरी ‘दुबईत’. दोन-चार दिवसांत बोलणं ॲपवरून व्हॉट्सॲपवर जातं. मग गिफ्ट कस्टममध्ये अडकतं, आई दवाखान्यात असते, किंवा झटपट नफ्याची गुंतवणूक निघते. कधी खासगी व्हिडिओ मागून ब्लॅकमेल होतं.

काय तपासायचं?

फोटो गुगल लेन्सवर टाकून बघा. व्हिडिओ कॉलवर बोला. कामाचं ठिकाण, घरचा पत्ता आणि आधीच्या लग्नाची कागदपत्रं बघा. त्यांच्या गावातल्या जमातीत विचारा. लग्नाआधी पैसे मागितले, तर तिथेच थांबा. सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत आलेली खबर पडताळून घ्यायचा हुकूम आहे. त्यामुळे चौकशीला कुणी ‘शक’ म्हणत असेल तर म्हणू द्या.

फसवणूक झाली तर

पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितकी घाई, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. आरोपी कुठलाही असो, तक्रार नागभीडच्या पोलीस ठाण्यातही देता येते. कायद्यात त्याला ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६डी नुसार ऑनलाइन तोतयेगिरी करून फसवल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. ओळख लपवून लग्न करत शरीरसंबंध ठेवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

छोट्या गावात ‘लोक काय म्हणतील’ ही भीती मोठी असते आणि ठग तिच्याच भरवशावर असतो. म्हणून मुलगी घरी येऊन सांगते, तेव्हा अम्मी-अब्बूंनी आधी तिचा फोन हिसकावून घेऊ नये. तिच्यासोबत ठाण्यात जावं. ती गप्प बसली, तर तोच माणूस उद्या दुसऱ्या घरी रिश्ता घेऊन जाईल.