शेपटीला आधाराचे चाक

मॉस्को ते खाबारोव्स्क हे अंतर सहा हजार किलोमीटरहून अधिक, आणि तेही एकाच देशात. १९५६ मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या तू-१०४ या जेटला मॉस्कोहून इर्कुत्स्क गाठायलाही वाटेत ओम्स्कला उतरावे लागे. तू-११४ न थांबता खाबारोव्स्कला पोहोचे, पण ते टर्बोप्रॉप. त्याच्या प्रचंड पंख्यांचा आवाज प्रवाशांना सोसावा लागे. लांब पल्ला आणि जेटचा वेग हे दोन्ही साधणारे विमान सर्गेई इल्यूशिन यांच्या कार्यालयाने घडवले: इल-६२. त्याचे पहिले उड्डाण जानेवारी १९६३ मध्ये झाले आणि सप्टेंबर १९६७ मध्ये ते मॉस्को-माँट्रियल मार्गावर धावू लागले.

चारही इंजिने शेपटीकडे बसवल्याने केबिन शांत झाली आणि पंख मोकळे राहिले. पण मागे भार जास्त झालेली बैलगाडी उलाळ होते, तशी गत जमिनीवरच्या रिकाम्या इल-६२ची व्हायची. त्यावरचा उपाय फार देखणा होता. विमान उभे राहिले की शेपटीखालून दोन छोट्या चाकांचा एक दांडा खाली यायचा आणि उड्डाणापूर्वी पुन्हा आत जायचा. प्रवासी नसताना उडायचे असेल तर पुढच्या भागातल्या टाकीत पाणी भरून तोल साधत.

दुसरे संकट हवेतले. उंच शेपटीच्या विमानाचे नाक फार वर गेले, तर पंखांमागची विस्कळीत हवा शेपटीला वेढते आणि नाक खाली आणणारी झडपच निकामी ठरते. इल-६२च्या पंखाच्या पुढच्या कडेला म्हणून एक दात ठेवलेला आहे. तिथे उठणारा भोवरा टोकाकडचा प्रवाह पंखाला धरून ठेवतो. त्यामुळे विमान इतके स्थिर झाले, की १६० टनांचे हे धूड वैमानिक हातापायांच्या जोरावर वळवत असे. नियंत्रणाला हायड्रॉलिक्सची मदत नव्हती. या विमानाचे खरे मोठेपण इथे आहे.

२३ ऑक्टोबर १९८९ रोजी पूर्व जर्मनीच्या इंटरफ्लुगचे वैमानिक हाइन्त्स-डीटर कालबाख यांनी असेच एक निवृत्त इल-६२ श्ट्योल्न गावाजवळ उतरवले. ओटो लिलिएन्टाल ग्लायडर उडवत असत तीच ही जागा. धावपट्टी गवताची, जेमतेम ९०० मीटरची. इंजिनांचा झोत उलटा फिरवताच धुळीचे लोट उसळले आणि विमान सुखरूप थांबले. लिलिएन्टाल यांच्या पत्नीच्या नावावरून त्याला ‘लेडी अ‍ॅग्नेस’ म्हणतात. त्यात आता संग्रहालय आहे आणि लग्नेही लागतात.

इल-६२ची इंजिने मात्र इंधन फार पीत. सोलोव्योव यांच्या नव्या इंजिनांनी इल-६२एमचा पल्ला वाढला, पण भूक पुरती भागली नाही. रुंद देहाच्या इल-८६ने १९७६ मध्ये इंजिने पंखांखाली आणली. त्याचा पल्ला मात्र तोकडाच राहिला. तो वाढवण्यासाठी पीएस-९० ही किफायतशीर इंजिने यावी लागली. ती लावलेले इल-९६ १९८८ मध्ये उडाले आणि १९९३ मध्ये एरोफ्लोतच्या ताफ्यात आले. रशियाचे राष्ट्राध्यक्ष आजही याच जातीच्या विमानाने प्रवास करतात.