पाचव्या बॅचनंतरचा उत्प्रेरक

अंड्याची टरफलं सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की चुनकळी, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, उरते. ती उत्प्रेरक म्हणून तेल आणि मिथेनॉलच्या मिश्रणात टाकून साठ-पासष्ट अंशांवर काही तास ढवळली की बायोडिझेल आणि ग्लिसरीन तयार होतं. मला या प्रयोगाचं अप्रूप आहे. पण त्याची खरी परीक्षा पहिल्या बॅचनंतरच सुरू होते.

घन उत्प्रेरक हवा कशासाठी? कॉस्टिक सोडा काम झपाट्याने करतो, पण मिथेनॉलमध्ये विरघळल्याने परत मिळत नाही. तयार इंधन पाण्याने धुवावं लागतं आणि तळणीच्या तेलात मुक्त मेदाम्लं असली तर त्यांचा साबण होतो. घन पदार्थ गाळून पुन्हा वापरता यावा, एवढीच अपेक्षा.

चुनकळी इथेच दगा देते. हवेत उघडी राहिली तर ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून तिचा पृष्ठभाग निकामी होतो. शिवाय मिथेनॉल आणि ग्लिसरीनशी संयोग होऊन तिचं थोडं कॅल्शियम विरघळतं. मग काम नेमकं कोण करतंय, घन कण की विरघळलेलं कॅल्शियम? ओळखायची रीत सोपी आहे: अभिक्रिया अर्ध्यावर असताना मिश्रण गरम असतानाच गाळायचं आणि उरलेला द्रव तसाच ढवळत ठेवायचा. त्यातही बायोडिझेल वाढत राहिलं, तर उत्प्रेरक झिरपतो आहे. हे कॅल्शियम इंधनातही उतरतं. युरोपीय मानकात कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून किलोमागे ५ मिलिग्रॅमच चालतं.

‘पाच वेळा वापरला, उतारा तेवढाच’ हा दावाही तपासून घ्यावा. प्रत्येक बॅच पूर्ण होईपर्यंत ढवळली, तर निम्मा थकलेला उत्प्रेरकही वेळेत काम उरकतो. थकवा मोजायचा तर अभिक्रिया अपुरी असताना तिचा वेग मोजायला हवा.

टिकाऊपणाची किंमत मोजावी लागते. फ्रान्समध्ये सेत इथे २००६ साली सुरू झालेल्या कारखान्यात जस्त-ॲल्युमिनियम ऑक्साइडचा उत्प्रेरक वापरला गेला. या पद्धतीत ग्लिसरीन ९८ टक्क्यांहून शुद्ध मिळतं, पण त्यासाठी तापमान २०० अंशांच्या आसपास आणि दाबही बराच लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने त्याच वर्षी लोह-जस्ताच्या दुहेरी सायनाइड उत्प्रेरकावरचं काम प्रसिद्ध केलं. त्याचा पृष्ठभाग पाण्याला दूर ठेवतो, म्हणून मेदाम्लं आणि ओलावा असलेलं तेलही त्याला चालतं.