गुलाबाचे अत्तर: फाया लावल्यापासून विरेपर्यंत

गुलाबाच्या तेलात तीनशेहून अधिक द्रव्ये आढळली आहेत. अत्तराचा फाया मनगटावर फिरवला की ती सगळी एकदम उडत नाहीत. हलकी आधी जातात, जड मागे राहतात. तासातासाने वास बदलतो तो यामुळे.

तेलाचा मोठा भाग सिट्रोनेलॉल, जिरॅनिओल आणि नेरॉल यांचा असतो. फेनिलएथिल अल्कोहोल हा मधासारखा मऊ वासाचा घटक पाण्यात विरघळतो, म्हणून ऊर्ध्वपातनात तो तेलापेक्षा गुलाबपाण्यात अधिक उतरतो. लग्नात गुलाबदाणीतून पाहुण्यांवर शिंपडलेल्या पाण्याचा वास अत्तराहून सौम्य वाटण्यामागे हे एक कारण आहे. उलट रोझ ऑक्साइड आणि डॅमॅसेनोन ही द्रव्ये तेलात शेकडा एकाहूनही कमी असतात, पण ताज्या फुलाचा भास बराचसा त्यांच्यामुळेच होतो. वासाची ताकद मापाने ठरत नाही, हे गुलाबाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

कनौजच्या जुन्या पद्धतीत पाकळ्या तांब्याच्या डेगमध्ये पाण्यासह तापवतात आणि वाफ बांबूच्या नळीने भपक्यात, म्हणजे ती जमा होणाऱ्या भांड्यात, नेतात. भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते; गुलाबाची वाफ त्यात मुरते. चंदनातील सँटॅलॉल सुमारे तीनशे अंश सेल्सिअसला उकळते, तर जिरॅनिओल दोनशेतीसच्या आसपास. त्यामुळे चंदन गुलाबाला धरून ठेवते आणि तो उडून गेल्यावरही मागे उरते. एक किलो शुद्ध तेलाला साधारण साडेतीन ते चार टन पाकळ्या लागतात. गोंदियाच्या बाजारातली रोजच्या वापराची स्वस्त कुपी या हिशेबात बसणे शक्य नाही.

अशा कुपीतला गुलाब बहुधा कारखान्यात जुळवलेला असतो, किंवा गवतातून आलेला. होय, गवतातून. रोशा गवताच्या तेलात जिरॅनिओल शेकडा पंचाहत्तरच्या पुढे असू शकते. मध्य भारताच्या कोरड्या रानांत आणि खानदेशात हे गवत वाढते. एकोणिसाव्या शतकात त्याचे तेल मुंबईहून तुर्कस्तानकडे जाई आणि तिथून बल्गेरियाच्या गुलाबतेलात मिसळले जाई. महाराष्ट्राचे गवत जगाच्या गुलाबात असे गुपचूप शिरले होते. त्या व्यापाराची आठवण इतकी पुसली जावी, याची खंत वाटते.

मनगटावर पहिली काही मिनिटे हिरवट, किंचित लिंबासारखी झुळूक येते. मग अर्धा-एक तास गुलाब भरून राहतो. पुढे मध, आणि शेवटी आधाराचे तेल. चंदन असेल तर दुधाळ लाकडाचा वास संध्याकाळपर्यंत रेंगाळतो. आधार द्रव पॅराफिनचा असेल, तर मागे जवळजवळ काहीच वास उरत नाही. लावणाऱ्याला स्वतःचा वास थोड्याच वेळात जाणवेनासा होतो, कारण नाक त्याला सरावते. शेजारच्याला मात्र तो येतच असतो.

वास किती टिकतो यात हवेचाही हात असतो. मे महिन्यात गोंदियात पारा ४५ अंशांकडे सरकला की हलकी द्रव्ये झपाट्याने उडतात आणि गुलाब आणखी लवकर विरतो. लग्नसराईही नेमकी याच दिवसांत असते, त्यामुळे फाया कानाच्या पाळीत ठेवण्याची जुनी रीत उपयोगी पडते: कापूस अत्तर धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो.

थंडीत उलटे घडते. शुद्ध गुलाबतेलात मेणासारखी द्रव्ये असतात आणि सुमारे वीस अंशांच्या खाली ती गोठू लागतात. पौषातल्या गोंदियाच्या रात्री थंडी याहून बरीच खाली जाते. तेव्हा अशा तेलाच्या कुपीत पांढऱ्या सुया दिसतात आणि मुठीत धरल्यावर त्या विरघळतात. पॅराफिनवर बेतलेल्या सुगंधी मिश्रणात त्या सहसा दिसत नाहीत. मात्र बाहेरून मेण घालूनही तेल गोठवता येते, म्हणून एवढ्याच खुणेवर शुद्धता ठरवू नये.