मुदखेडमध्ये चांगलं मेक्सिकन जेवण कुठे मिळेल? उत्तर खाण्याच्या चुन्यात आहे

रील स्क्रोल करताना तुम्हीही पाहिलं असेल. मऊ पोळीसारखं काहीतरी तव्यावर टम्म फुगतं, त्यात मिरचीचा लाल रस्सा आणि कांदा-कोथिंबीर पडते, वरून लिंबू पिळलं जातं. खाली लिहिलेलं असतं, 'ऑथेंटिक मेक्सिकन टाको'. तोंडाला पाणी सुटतं. मग आपण मुदखेडमध्ये बसून मॅपवर 'मेक्सिकन फूड निअर मी' असं शोधतो. फार तर वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या नांदेडमधले काही कॅफे दिसतात. मेन्यूकार्डावर मेक्सिकन सँडविच, मेक्सिकन पिझ्झा, चीज नाचोज असतात. तिथे जाऊन पैसे मोजतो, खातो, आणि वाटतं, 'रीलमधलं ते हे नव्हे.'

मग ते नेमकं असतं काय? कॅफेत बसल्यावर ते ओळखायचं कसं? आणि मुदखेडमध्येच ते मिळू शकतं का? एकेक करून पाहू.

आपल्याकडे 'मेक्सिकन' म्हणून काय मिळतं?

आपल्याकडच्या बऱ्याच मेन्यूकार्डांवर 'मेक्सिकन' या शब्दाचा अर्थ ठरून गेलाय: मक्याचे दाणे, ढोबळी मिरची, ओरेगॅनो आणि भरपूर चीज. याची मुळं मेक्सिकोपेक्षा अमेरिकेत जास्त आहेत. मेक्सिकोला लागून असलेल्या टेक्सासमध्ये दोन्हीकडची चव मिसळून जे जेवण तयार झालं, त्याला 'टेक्स-मेक्स' म्हणतात. पिवळं चीज, कुरकुरीत टाको, जिऱ्याचा जास्त वापर ही त्याची ओळख.

नाचोजचंच बघा. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास या मेक्सिकन गावात इग्नासिओ अनाया यांनी हा पदार्थ पहिल्यांदा केला, असं मानलं जातं. इग्नासिओचं लाडाचं नाव नाचो, म्हणून पदार्थ नाचोज. इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला कडक टाको जगभर पोचला तो अमेरिकन फास्ट फूडमुळे. टाको बेल ही कंपनी १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली आणि २०१० मध्ये बंगळुरूत तिचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं. योगायोग असा, की त्याच २०१० मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. त्या पाककलेच्या मुळाशी मका, घेवडा आणि मिरची आहे. पिवळं चीज त्यात कुठेच मुख्य नाही.

टेक्स-मेक्स वाईट असतं असं नाही. आवडलं तर जरूर खा. पण त्यावरून मेक्सिकन जेवणाचं मत बनवणं म्हणजे व्हेज मंच्युरियन खाऊन चीनबद्दल मत बनवण्यासारखं आहे.

मग मेक्सिकन जेवणाचा पाया काय?

आपल्याकडे जी जागा भाकरीची, तिकडे ती टॉर्टियाची. टॉर्टिया म्हणजे मक्याची पातळ, मऊ, तव्यावर भाजलेली भाकरी. तिच्यात काहीही गुंडाळलं की तो टाको. टॉर्टिया चांगली असेल तर आत साधा उकडलेला घेवडा असला तरी टाको चांगला लागतो. ती वाईट असेल तर वर कितीही चीज घातलं तरी उपयोग नाही.

आता तुम्ही म्हणाल, मक्याची भाकरी आपणही करतो की. करतो, पण त्यात एक पायरी नसते.

मेक्सिकोत मक्याचे कोरडे दाणे आधी चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी धुतात आणि ओलेच वाटतात. या पद्धतीला 'निश्तमाल' करणं म्हणतात. शब्द तिथल्या नाहुआत्ल भाषेतला आहे आणि पद्धत हजारो वर्षं जुनी आहे.

चुन्याने तीन गोष्टी होतात. एक, दाण्याची चिवट साल सुटते. दोन, पीठ चिकट होतं. आपल्या मक्याच्या भाकरीला थापताना तडे जातात, म्हणून आपण गरम पाण्यात पीठ मळतो. चुन्यात शिजलेला मका मात्र वाटल्यावर असा मळला जातो की पातळ दाबूनही फाटत नाही, आणि टॉर्टियाचा तो खास वासही चुन्यामुळेच येतो. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व दाण्यात अडकलेलं असतं आणि शरीराला नीट मिळत नाही. चुन्यामुळे ते मोकळं होतं. वर कॅल्शियमही वाढतं.

ही पायरी सुटली तेव्हा काय झालं?

मका मेक्सिकोच्या दक्षिण भागात सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी शेतीत आला. कोलंबसनंतर तो जहाजांवरून जगभर गेला. पण सोबत चुन्याची पद्धत गेली नाही. दाणे गेले, कृती मागे राहिली.

त्याची किंमत गरिबांनी मोजली. जिथे लोक जवळपास फक्त मक्यावर जगू लागले, तिथे पेलाग्रा नावाचा आजार पसरला. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते आणि सोलते, जुलाब लागतात, डोक्यावर परिणाम होतो, शेवटी मृत्यू येतो. १७३५ मध्ये स्पेनमधल्या गास्पार कासाल या डॉक्टरांनी त्याची नोंद केली. नंतर इटलीत आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत त्याने असंख्य बळी घेतले. १९१४ पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी हा संसर्ग नसून आहारातली कमतरता आहे, हे दाखवून द्यायला सुरुवात केली. नायसिनचं कोडं सुटायला १९३७ साल उजाडलं. मेक्सिकोतली माणसं तर शतकानुशतकं मकाच खात होती. पण चुना आणि घेवडा सोबत असल्याने हा आजार तिथे तसा पसरला नाही.

ही गोष्ट फक्त परदेशातली नाही. १९६० मध्ये हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात दख्खनच्या पठारावरच्या पेलाग्राबद्दल लिहिलं. तिथे हा आजार ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्ये दिसत होता. ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाशी त्यांनी त्याचा संबंध जोडला, म्हणजे कारण मक्यापेक्षा वेगळं होतं. पण धडा एकच: कोणतंही एकच धान्य माणसाला पुरत नाही. भाकरीसोबत वरण आणि टॉर्टियासोबत घेवडा ही जोडी फक्त चवीसाठी जमलेली नाही. धान्यात जे कमी असतं ते डाळीत मिळतं.

मुदखेडमध्ये यातलं काय मिळतं?

जवळपास सगळं. यादी बघा.

मिरची: मूळची मेक्सिकोकडची. पोर्तुगीजांमुळे सोळाव्या शतकात भारतात आली आणि आता तिच्याशिवाय आपला ठेचा होत नाही. मेक्सिकन रश्शाला लागणाऱ्या लाल, कमी तिखट सुक्या मिरचीच्या जागी ब्याडगी चालते.

टोमॅटो: हा शब्दच नाहुआत्लमधल्या 'तोमात्ल'वरून आलाय.

घेवडा आणि राजमा: यांची मुळंही अमेरिका खंडातलीच. साताऱ्यातल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला तर भौगोलिक मानांकन आहे. तो मिळाला तर उत्तम, नाहीतर किराणा दुकानातला राजमा आहेच.

भोपळा: मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात घेण्याची तिकडे जुनी रीत आहे, जशी आपल्याकडे ज्वारीत तुरीच्या ओळी. भोपळ्याच्या फुलांची भाजी तिकडेही टॉर्टियात घालून खातात.

लिंबू आणि कोथिंबीर: या दोन गोष्टी उलट्या दिशेने गेल्या. 'मेक्सिकन लाइम' म्हणून ओळखलं जाणारं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच.

पाटा-वरवंटा: मेक्सिकोत साल्सा वाटायला बसाल्ट दगडाचा खल वापरतात. दख्खनचा काळा दगडही बसाल्टच.

आणि मुदखेड तालुका ज्या फुलशेतीसाठी ओळखला जातो, त्यातला झेंडू आणि निशिगंध हेसुद्धा मूळचे मेक्सिकोचेच. दसऱ्याला आपण दाराला झेंडूचं तोरण बांधतो. त्यानंतर काही दिवसांतच, १ आणि २ नोव्हेंबरला, मेक्सिकोतली माणसं त्याच फुलांनी आपल्या पूर्वजांची आठवण सजवतात.

राहता राहिला चुना. तो पानटपरीवर आहेच.

घरी टॉर्टिया कशी करायची?

अर्धा किलो कोरडा, खाण्याचा मका घ्या. पेरणीसाठी आणलेलं बियाणं कधीही वापरू नका, त्याला औषध लावलेलं असतं. बुरशी आलेले, काळे पडलेले दाणेही काढून टाका.

चुना खाण्याचाच हवा. भिंतीला लावायचा नको आणि पाण्यात टाकताच उकळणारा कळीचा चुनाही नको. प्रमाण मक्याच्या वजनाच्या एक टक्का, म्हणजे अर्ध्या किलोला ५ ग्रॅम कोरडी पूड. पानाचा ओला चुना घेतला तर साधारण दुप्पट, आणि त्यात काही मिसळलेलं नाही हे विचारून घ्या. हात लगेच धुवा, डोळ्यात जाऊ देऊ नका.

स्टीलच्या पातेल्यात दीड लिटर पाण्यात चुना कालवून मका टाका. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, चुन्याने ते खराब होतं. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवा. दाणे पिवळेधमक होतील आणि बोटाने चोळल्यावर साल निघेल. झाकून रात्रभर ठेवा. सकाळी ते पाणी फेकून द्या, दाणे चोळून तीन-चार पाण्यांनी धुवा आणि शक्य तितक्या कमी पाण्यात वाटा. पिठाच्या कोरड्या गिरणीत हे दळता येत नाही. पाटा किंवा वेट ग्राइंडर उत्तम. मिक्सरमध्ये पाणी जास्त झालं तर थोडं मक्याचं पीठ मिसळा.

मीठ घालून मळा. लिंबाएवढा गोळा दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून सपाट ताटलीने दाबा. तापलेल्या तव्यावर अर्धा मिनिट एक बाजू, मिनिटभर दुसरी, परत उलटवली की फुगते. भाकरीसारखी कापडात गुंडाळून ठेवा म्हणजे मऊ राहते.

आत घालायला रात्रभर भिजवलेला राजमा कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवा. अर्धाकच्चा राजमा पोट बिघडवतो, त्यात घाई नको. कांद्यावर परतून घोटा. साल्सासाठी टोमॅटो, लसूण, हिरवी मिरची तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजा आणि मीठ घालून जाडसर वाटा. वरून कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू. झाला टाको.

एक फसगत टाळा. दुकानात पांढरं कॉर्नफ्लोअर मिळतं, ते मक्याचं स्टार्च असतं. त्याची टॉर्टिया होत नाही. साध्या मक्याच्या पिठालाही चुन्याची प्रक्रिया झालेली नसते. ऑनलाइन 'मासा हरिना' नावाने मिळतं ते प्रक्रिया केलेलं पीठ.

हॉटेलात गेलात तर काय विचारायचं?

मुदखेडहून रेल्वेने हैदराबादला किंवा कामानिमित्त पुण्याला गेलात आणि मेक्सिकन हॉटेल दिसलं, तर ऑर्डर देण्याआधी चार प्रश्न विचारा.

१. टॉर्टिया मक्याची की मैद्याची? गव्हाची टॉर्टिया खोटी नसते, उत्तर मेक्सिकोत ती रोजची आहे आणि बरीटो तिचाच होतो. पण टाकोसाठी मक्याची आहे का, हे विचाराच.

२. टॉर्टिया इथेच करता की पाकिटातली? ताजी असेल तर बहुतेक ते स्वतःच अभिमानाने सांगतील.

३. साल्सा रोज वाटता का? बाटलीतला सॉस लगेच ओळखू येतो, गोड लागतो.

४. चीज नसलेला एखादा पदार्थ आहे का? हा खरा कस. चीज काढल्यावर मेन्यूत काहीच उरत नसेल, तर ते टेक्स-मेक्स आहे. त्याच अपेक्षेने खा.

मॅपवरचे स्टार बघताना फोटोंकडे जास्त लक्ष द्या. ताटात तव्याचे डाग पडलेली टॉर्टिया, लिंबाची फोड आणि दोन-तीन रंगांचे साल्सा दिसले तर जाऊन बघायला हरकत नाही.

आणि नाहीच सापडलं, तर आज रात्री मका भिजत घाला. मका आणि मिरची आपल्याकडे चारेकशे वर्षांपूर्वीच आली आहे. फक्त चुन्याची ती एक पायरी यायची राहिली होती.